मेश्रामकाकांचं इम्प्रूव्ह

माझ्या सासऱ्यांच्या तेरवीला मेश्रामकाका आले. त्यांनी फोटोला फूल वाहिलं, माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग पंगतीकडे बघून म्हणाले, "हे इम्प्रूव्ह करावं लागते."

भाताचं पातेलं एका टोकाला होतं आणि वरणाची बादली दुसऱ्या टोकाला, त्यामुळे वाढणारी मंडळी मध्ये एकमेकांवर आदळत होती. काकांनी बाह्या वर केल्या. वरणवाल्याला भातवाल्याच्या मागे लावलं, पाण्याचे जग पंगतीच्या बाहेर काढले आणि बुंदी घेऊन उगाच लवकर निघालेल्या माझ्या दिराला स्वयंपाकघरात परत पाठवलं. पंगत इतकी भरभर उठली की सासऱ्यांबद्दल चार शब्द बोलायला उभा राहिलेल्या त्यांच्या मित्राला ऐकणारं कोणी उरलंच नाही. जाताना काका माझ्या नवऱ्याला म्हणाले, "पुढच्या टाईमले मले आधीच सांगजो. अजून इम्प्रूव्ह होईल." नवऱ्याने "हो काका" म्हटलं. पुढचा टाईम म्हणजे कोणाचा, हे त्याने विचारलं नाही.

इम्प्रूव्ह हे इंग्रजी क्रियापद तोवर माझ्या ओळखीचं होतं ते शाळेच्या प्रगतिपुस्तकातलं. हस्ताक्षराच्या रकान्यात बाई दरवर्षी लिहायच्या, नीड्स टू इम्प्रूव्ह. मी ते कधी मनावर घेतलं नाही आणि माझं हस्ताक्षर आजही तसंच आहे. मुळात माझा पिंडच जे आहे ते असू द्यावं असा. पंखा आवाज करायला लागला तर मी टीव्हीचा आवाज वाढवते. अशा बाईला देवाने शेजार दिला तो मेश्रामकाकांचा. कामठी रोडवरच्या आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वसाहतीत, त्यांची आणि आमची भिंत एकच आहे, आणि ती भिंतही त्यांनी त्यांच्या बाजूने इम्प्रूव्ह केलेली आहे.

शब्दकोशात या क्रियापदाचा अर्थ सुधारणे असा दिला आहे. शब्दकोश करणारे काकांना भेटलेले नसावेत. काकांकडे हा शब्द सकाळच्या नमस्कारासारखाही चालतो. गेटपाशी दिसले की "काय वं सीमा, काय इम्प्रूव्ह?" असं विचारतात. तो आशीर्वादही आहे. लेआउटमधलं कोणी पोरगं परीक्षेला निघालं की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "जाय, इम्प्रूव्ह करून ये." आणि ती धमकीही आहे. भाजीवाल्याच्या हातगाडीसमोर उभं राहून ते नुसतं "इम्प्रूव्ह करजो गा" म्हणाले की तो खालची दबलेली वांगी मुकाट बाजूला काढतो. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तर ते प्लेट हातात घेऊन आधी एक घास खातात, डोळे मिटतात, आणि ठेलेवाला काम सोडून निकालाची वाट बघत उभा राहतो.

हा शब्द त्यांना नोकरीत लागला. काका वीज केंद्रात बॉयलरवर होते. तिथे एक पेटी होती. काम कसं सुधारता येईल ते कर्मचाऱ्यांनी चिठ्ठीवर लिहून त्या पेटीत टाकायचं आणि ज्याची सूचना साहेबांना पटेल त्याला बक्षीस मिळायचं. बाकीच्यांनी त्या पेटीत कँटीनच्या चहाला शिव्या लिहून टाकल्या. काकांनी सूचना टाकल्या. इतक्या टाकल्या की साहेबांनी पेटीच मोठी करून घेतली, आणि पेटी मोठी करावी ही सूचनाही काकांचीच होती. बक्षीस ठरलेलं असायचं, स्टीलचा डबा. मेश्रामकाकूंच्या घरात डाळ, तांदूळ, तिखट, सुया, औषधं आणि लग्नपत्रिका सगळं स्टीलच्या डब्यांत आहे, आणि आमच्या लेआउटमधल्या एकूण एक लग्नांत मेश्रामांकडून डबा आलेला आहे.

रिटायर झाल्यावर पेटी तिकडेच राहिली आणि सूचना घरी आल्या. काकू एकदा भिंतीपलीकडून मला म्हणाल्या, "बॉयलर बरा होता वं बाप्पा. तो उलट उत्तर देत नव्हता तरी हे त्याले सोडून घरी यायचे. मी उत्तर देते तरी सोडत नाहीत." काकू पोळी लाटायला बसल्या की काका बाजूला उभे राहून पोळपाट किती तिरपा हवा ते सांगत. काकूंनी एके दिवशी लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि टीव्हीसमोर जाऊन बसल्या. काकांनी त्या दिवशी केलेल्या पोळ्या आमच्याकडेही आल्या होत्या. आम्ही त्या खाल्ल्या. तेव्हापासून पोळपाटाचा विषय बंद आहे.

मी त्यांना एकदा सरळच विचारलं होतं, "काका, कशाले एवढा त्रास करून घेता? आहे ते चालते ना."

ते हसले नाहीत. म्हणाले, "चालते ना? चालते म्हणूनच तर थांबून जाते माणूस. माझा बाप कामठीले हातमागावर बसे. छप्पनच्या धम्मदीक्षेले तो कामठीहून पायी आला होता, माझ्या आईले घेऊन. मी तं तेव्हा जन्मालेही नव्हतो. आई सांगे का जाताना तो मान खाली घालून गेला आन् येताना रस्त्याच्या मधून चालत आला. घरी आल्यावर म्हणे, आता जे पोट्टं होईल ते शाळेत जाईल, आन् आता एक पाऊल मागं नाही टाकायचं. तो काही शिकलेला नव्हता. पण मी रोज शाळेतून आलो का तो मले विचारे, आज कालच्यापेक्षा काय चांगलं केलं? रोज विचारे वं. काही सांगता नाही आलं तं मले झोप येत नसे."

जे आहे ते असू द्यावं असं म्हणायला, जे आहे ते बऱ्यापैकी असावं लागतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. आता हे सगळं ऐकल्यावर माणसाचा राग येणं कठीण जातं. मी प्रयत्न करून तो आणत असते.

काकांनी सगळ्यात जास्त इम्प्रूव्ह कोणाला केलं असेल तर ते करुणाला. ती त्यांची एकुलती एक मुलगी. वर्गात दुसरी आली की पहिल्या आलेल्या मुलीत आणि तिच्यात फरक कुठे पडला ते दोघं मिळून शोधायचे. पहिली आली की काका म्हणायचे, "आता पुढच्या वर्षी टिकवणं कठीण." पोरगी हुशार निघाली, इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. आणि काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, एक मोठी बॅग घेऊन घरी आली. लग्न मोडलं होतं.

त्या संध्याकाळी मी भिंतीच्या अलीकडे होते, आणि आमची भिंत काकांनी कितीही इम्प्रूव्ह केली असली तरी आवाज अडवत नाही. करुणा रडत होती. काकू तिला पाणी देत होत्या. आणि काका म्हणाले, "बरं, आता रडून काही होत नाही. बस इथं. पहिल्यापासून सांग. कुठं कुठं चुकलं ते पाहू, म्हणजे पुढं इम्प्रूव्ह करता येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी करुणा बॅग घेऊन पुण्याला परत गेली. त्यानंतर ती आली नाही. फोन करायची तो काकूंना. काकांनी मध्येच फोन घेतला तर "हो बाबा, बरी आहे बाबा" म्हणायची आणि तिला मीटिंग असायची. रविवारीसुद्धा मीटिंग असायची. हे असं तीन वर्षं चाललं. काकांनी त्या काळात लेआउटमधली नाली, व्यायामशाळेचं छप्पर आणि गणपती मंडळाचा हिशेब एवढं सगळं इम्प्रूव्ह केलं. ते विहारातल्या सतरंज्यांच्या घड्यासुद्धा बदलून आले.

मग यंदाच्या एप्रिलमध्ये काकू माझ्याकडे आल्या. मी घरीच ब्लाउज शिवते. त्या मशीनसमोरच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "करुणा येऊन राहिली. आठ दिवस."

"वा, काकू."

"वा नको म्हणू. तिनं अट घातली आहे. बाबा मले एका शब्दानं जरी इम्प्रूव्ह करायले लागले तं मी त्याच पावली परत जाईन, म्हणे. आन् मंग मले बोलावजो नको. पोरगी बोलते तसं करते, बापावर गेली आहे." काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "ह्या टाईमले बिनसलं का नाही सीमा, तं आमची पोरगी गेली. मी त्यायले सांगून दिलं, तीनच गोष्टी बोलायच्या. छान. हो का. जेवली का. ह्याच्या बाहेर तोंड उघडायचं नाही."

"काकांना जमेल?"

"त्यासाठीच तं आली मी," काकू म्हणाल्या. "त्यायले प्रॅक्टिस पायजे. आन् तुह्यासारखं घर साऱ्या लेआउटात नाही."

हे कौतुक नव्हतं, पण खरं होतं. माझ्या घरात सोफ्याचा एक पाय विटेवर आहे. घड्याळ पुढे धावतं, ते आम्ही मनात वजाबाकी करून वाचतो. कॅलेंडर मार्चचं होतं, कारण मार्चचं चित्र मला आवडलं होतं. चिंध्या सगळीकडे, टाचण्या बशीत, आणि बेसिनचा नळ दिवसरात्र टिपटिप करत असतो. ज्या माणसाला तोंड आवरायला शिकायचं आहे त्याच्यासाठी याहून चांगली जागा सापडणं कठीण होतं.

दुसऱ्या दिवसापासून काका येऊ लागले. पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी चहा दिला आणि मशीन सुरू केलं. अट अशी होती की त्यांनी तासभर बसायचं आणि काकूंच्या तीन गोष्टींशिवाय काही बोलायचं नाही.

पहिले काही क्षण ठीक गेले. मग त्यांची नजर फिरू लागली. सोफ्याच्या पायापाशी थांबली, विटेवरून घड्याळावर गेली, घड्याळावरून स्वतःच्या मनगटावर आली, आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते.

"सीमा," ते म्हणाले, "ते कॅलेंडर..."

"काका."

"नाही, मी काही नाही म्हटलं. फक्त कॅलेंडर आहे असं म्हटलं."

"तेही नाही म्हणायचं."

"हो का," ते म्हणाले. ते नियमात बसत होतं. मग बराच वेळ नळ एकटाच बोलत होता. शेवटी काका उठले, बेसिनपाशी गेले, नळाकडे एखाद्या आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं, त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "छान." मला हसू आवरेना म्हणून मी मशीन जोरात चालवलं आणि एका बाईच्या ब्लाउजची बाही उलटी शिवून टाकली. काकांनी ती बघितली. मी त्यांच्याकडे बघितलं. "जेवली का?" ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रॅक्टिसच इम्प्रूव्ह करायला काढली. म्हणे संध्याकाळी माणूस थकलेला असतो, संयम कमी पडतो, तर सुरुवात संध्याकाळी करावी आणि जमलं की मग सकाळी घ्यावी, म्हणजे अवघड ते आधी होऊन जाते. मी त्यांना सांगितलं की हा गुन्हा आहे. ते ओशाळले. पण माणूस जिद्दीचा. करुणा यायच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्यासमोर साखरेच्या डब्यात मिठाचा चमचा घातला, आणि काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "छान." मला, खरं सांगते, त्यांचा अभिमान वाटला.

करुणा आली. वाळली होती, केस बारीक कापले होते. काका गेटपाशी उभे होते. तिने वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला, तिथे थांबला, आणि ते म्हणाले, "छान. जेवली का?" सकाळचे नऊ वाजले होते. करुणा "विमानात खाल्लं थोडं" म्हणाली आणि आत गेली. मी कुंपणाच्या भिंतीवरून काकूंना अंगठा वर करून दाखवला.

पुढचे दिवस काकांनी जे काही सोसलं ते मी बघत होते. एप्रिलचं ऊन कसं असतं ते नागपूरकराला सांगायला नको. मेश्रामांचा कूलर हा काकांच्या आयुष्यातलं मोठं काम. वाळ्याच्या ताट्या, पंपाची धार, पाण्याची पातळी, सगळं त्यांनी स्वतः बसवलेलं. आणि कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर दमट हवा घरातच कोंडते, हे आमच्याकडे चालायला लागलेलं पोरही जाणतं. करुणा पुण्यात राहून विसरली असावी. बाहेरची धूळ येते म्हणून तिने खिडकी लावून घेतली. घर चिकचिकलं. पापड वातड झाले, दारं फुगली, काकूंच्या मिठाला पाणी सुटलं. मी पीठ मागायला गेले तेव्हा काका त्या वाफेत बनियनवर बसले होते. केस कपाळाला चिकटलेले. नजर बंद खिडकीवर. मला बघून म्हणाले, "छान गार आहे."

तिने वरण लावलं आणि करपवलं. छान. दुपारी झोपून संध्याकाळी उठली. छान. जुन्या कंपनीतून काढून टाकलं आणि आता कमी पगारावर दुसरीकडे लागली आहे, हे जेवताना सांगितलं. काकांचा घास हातातच राहिला. काकू मला नंतर म्हणाल्या, "मी टेबलाखालून त्यायच्या पायावर पाय ठेवला. पण त्यायनं म्हटलं वं. हो का, म्हणाले." काकूंना वाटत होतं, आपण जिंकत चाललो आहोत. मलाही तसंच वाटत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी करुणा माझ्याकडे आली. कुर्ता बाजूंनी आत घ्यायचा होता. मी टाचण्या लावत होते, तेवढ्यात तिने विचारलं, "ताई, बाबाले काही झालं आहे का?"

"म्हणजे?"

"बिमारी वगैरे. आई लपवून राहिली का माझ्यापासून? डोक्याचं काही, विसरायचं वगैरे?"

"काहून वं असं?"

ती खुर्चीत बसली. तीच खुर्ची, जिच्यावर काका हात दाबून बसायचे. "काल वरण पार जाळलं होतं मी. मले गिळवेना. बाबा दुसऱ्यांदा घेऊन छान म्हणाले. मग मी मुद्दाम चहात दुप्पट साखर टाकली. छान. मुद्दाम कूलरसमोरची खिडकी लावून ठेवली, तीन दिवस झाले. मले काय नाही ठाऊक कूलर कसा लावते? माणूस घामानं निथळून राहिला आन् छान म्हणून राहिला." ती हसायचा प्रयत्न करत होती. "लहानपणी त्यांच्या तोंडून एक छान ऐकायले मी मरत होती ताई. आता रोज ऐकून राहिली तं भीती वाटून राहिली."

"कशाची भीती?"

"त्यायनं मले सोडून दिलं असं वाटते. घरात जुनं सामान असते ना, दुरुस्त करण्यात काही अर्थ नाही असं. ते आपण तसंच ठेवतो, बोलतही नाही त्याच्याबद्दल. तसे वागून राहिले ते माझ्याशी. नोकरी गेली म्हटलं तरी हो का म्हणाले. पाहुण्याले म्हणते तसं." आणि ती रडायला लागली.

गुपित सांभाळणं हे मेहनतीचं काम आहे आणि मेहनतीशी माझं फारसं जमत नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं. तीन गोष्टी, कॅलेंडर, नळासमोर हात बांधून म्हटलेलं छान, मिठाचा चमचा. ती ऐकताना हसली, तोंडावर हात धरून हसली, आणि मग आधीपेक्षा जास्त रडली. तेवढ्यात दार वाजलं. काका उभे होते, हातात स्टीलचा डबा. काकूंनी आंब्याचं पन्हं पाठवलं होतं.

त्यांनी लेकीला रडताना बघितलं. डबा तसाच हातात. तोंड उघडलं, आणि इतक्या दिवसांच्या प्रॅक्टिसने त्यातून जे बाहेर पडायचं तेच पडलं. "छान," काका म्हणाले.

खोलीत नळ तेवढा ऐकू येत होता.

"नाही," काका म्हणाले. "छान नाही. हे छान नाही." त्यांनी डबा मशीनवर ठेवला आणि विटेवरच्या सोफ्यावर बसले. सोफा हलला, त्यांच्या लक्षातही आलं नाही. "बेटा, मले हे जमत नाही. तुही आई म्हणते तीनच गोष्टी बोला. पण त्या तीनात माझं काही येत नाही."

"बाबा, त्या दिवशी मी आली होती तेव्हा," करुणा म्हणाली, "तुम्ही मले कुठं चुकलं म्हणून विचारलं."

"विचारलं."

"मी घरी आली होती, बाबा. मले फक्त घरी यायचं होतं."

मला उठून आत जावंसं वाटत होतं, पण कुर्त्याचं दुसरं टोक माझ्या मांडीवर होतं आणि टाचण्या त्यात होत्या, म्हणून मी मान खाली घालून बसले.

"मले भीती वाटली होती," शेवटी काका म्हणाले. "तू बॅग घेऊन दारात उभी. मले वाटलं आता ही खाली पडते, मागं जाते, आन् माझ्याच्यानं काही होत नाही. बॉयलरमध्ये बिघाड झाला का मले समजे कुठं हात घालायचा. तुह्यात कुठं हात घालू मले समजेना. भीती वाटली का मले एकच शब्द येते बेटा. दुसरा कोणी शिकवलाच नाही. माझ्या बापालेही येत नव्हता."

करुणाने ओढणीने नाक पुसलं. मी तोपर्यंत स्वतःच्या पदराने पुसलं होतं.

"आता सांग," काका पुढे सरकून बसले, आणि आवाजात थोडी जान आली, "मी काय करायले पायजे? म्हणजे पुढच्या टाईमले असं झालं तं. तू सांग, मी तसं करतो."

करुणा विचार करत होती. "मी रडायले लागली ना बाबा, तं थोडा वेळ काही बोलू नका."

"थोडा म्हणजे किती?"

"माझं रडणं होऊन जाईपर्यंत."

"आन् तोपर्यंत मी काय करायचं?"

"काही नाही. राहायचं तिथंच."

काकांनी मान हलवली. बॉयलरची नवी पद्धत समजून घ्यावी तशी त्यांनी ती समजून घेतली. "आन् रडणं झाल्यावर?"

"मग तुमचं सुरू करा," करुणा म्हणाली.

"खिडकी उघडू घरची?"

"उघडा बाबा."

काका असे काही उठले की त्या वयात माणूस तसा उठत नाही. उरलेले तीन दिवस मेश्रामांच्या घरातून आवाज येत होते. वरणाला फोडणी कधी द्यावी, पगाराची बोलणी कशी करावी, केस इतके बारीक कापले तर ऊन कुठून लागते. करुणा वाद घालत होती, काकू दोघांना गप्प करत होत्या. जाताना करुणा तिच्या बापाच्या गळ्यात पडली. काका म्हणाले, "पुढच्या टाईमले रेल्वेनं ये. विमानात खाण्याची बोंब आहे."

हे सगळं झालं त्याला दोन महिने होऊन गेले.

परवा सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. पलीकडच्या गच्चीवर काका होते, फोन कानाला लावून. मी हाक मारणार होते, पण ते बोलत नव्हते. नुसतेच उभे होते. अधूनमधून फोन दुसऱ्या कानाला लावत, पुन्हा तसेच. मी एक चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले, दुसरी घेतली. ते तसेच. त्यांच्या पायाशी कुंडी आडवी झाली होती आणि माती सांडली होती. काकांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी अख्खी बादली रिकामी झाली तेव्हा कुठे त्यांनी फोन कानावरून काढला आणि तो हातात धरून बघत राहिले.

"काय झालं काका?" मी विचारलं.

"करुणा होती."

"काय म्हणत होती?"

"काही नाही. रडून राहिली होती." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसला. "कशासाठी ते नाही सांगितलं. मी विचारलंही नाही."

"आणि मग? रडणं झाल्यावर?"

"मी तयार होतो. म्हटलं, आता माझं सुरू करतो. तं ती म्हणे, ठेवते बाबा, बरं वाटलं. आन् ठेवला फोन." त्यांनी चष्मा परत लावला आणि माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं शेजारी राहतो आम्ही, या माणसाने मला सांगितलं नाही असं काही उरलेलं नाही, पण मला काही विचारावं असं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

"सीमा," ते म्हणाले, "काहीच केलं नाही वं मी. नुसता उभा होतो. तेवढ्यानं बरा होते का माणूस?"

"होते, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आणि बराच वेळ तिथेच, उन्हात, उभे राहिले.